तोफेच्या तोंडाला खाचा कशाला?

प्रश्न : सर, आम्ही देवळाली कॅम्पला राहतो. तोपचीच्या (तोफखान्याच्या गोळीबाराच्या प्रात्यक्षिकाच्या) वेळी बोफोर्स बघितली, नळीच्या टोकाला खाचावालं जाड लोखंड होतं. पोरगा म्हणतो मोठ्या रिव्हॉल्व्हरला पण असंच असतं, त्याने धक्का कमी बसतो. चार खाचांनी धक्का कसा काय कमी होईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पोरगं बरोबर सांगतंय. त्याला मझल ब्रेक म्हणतात, आणि खरी गंमत त्यातनं सुटणाऱ्या गॅसची आहे. गोळी पुढे गेली की हत्यार मागे येणार हे तर आलंच, पण तिच्या मागोमाग जळालेल्या दारूचा गॅस सुटतो आणि तो गोळीपेक्षाही जोरात सुटतो, त्यामुळे वजनाला थोडा असला तरी मागे चांगलाच रेटतो. द्राक्षबागेत फवारणीच्या एसटीपी पंपाची गन धरली असेल तर आठवा, प्रेशर वाढवलं की हात कसा मागे ढकलला जातो, अगदी तसंच. आता हाच गॅस सरळ जाऊ न देता खाचेच्या भिंतीवर आपटवून बाजूला वळवला तर आपटताना तो नळीला पुढे ढकलतो, तेवढा मागचा धक्का कमी. खाचा वरच्या बाजूला असल्या तर गॅस वर जातो नि तोंड खाली दाबलं जातं. हँडगनला हे फार कामाचं, कारण नळी मुठीच्या वर असते, धक्क्याने मनगट फिरतं आणि तोंड वर उडतं.

पण गोळीच्या वाट्याचा जो धक्का आहे त्याचं ब्रेकला काहीच करता येत नाही, त्याच्या हातात फक्त गॅस! म्हणून साध्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये, जिथे दारू चिमूटभर, तिथे फारसा फरक पडत नाही. २००३ला आलेल्या स्मिथ अँड वेसन मॉडेल ५०० या मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र २२-२३ ग्रॅमची गोळी आणि तिच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी दारू असते, तिथे ब्रेक खरा कामाला येतो. लांब नळीवालं ते रिव्हॉल्व्हर भरतंही २ किलोच्या आसपास, त्या वजनाचाही धक्का पचवण्यात मोठा वाटा आहे.

त्रास होतो तो कानांना. गॅस बाजूला वळला की आवाजही तिकडेच जातो, आणि हँडगनचा आवाज तसाही १४० डेसिबलच्या वर, एका बारानेही कान कायमचा बिघडू शकतो. बंद रेंजमध्ये तर शेजारच्या लेनमधल्याचे पण हाल.

पुढच्या तोपचीला पोराला सांगा, बार झाला की तोंडाच्या दोन्ही बाजूंना बघ, झोत बाहेर पडताना दिसेल, तो हाच गॅस. कानात बोळे घालायला विसरू नका.