भिडू शत्रूचा रंग बोलला, आता काय समजायचं?

ब्रिजमधला तुमचा डाव असा: तुम्ही 1 बदाम उघडलंत, डावीकडच्याने 1 इस्पिक ओव्हरकॉल केला (म्हणजे शत्रूच्या ओपनिंगवर आपली बोली लावली), भिडू 2 इस्पिक बोलला. त्याच्याकडे इस्पिक लांब असणार असं धरून तुम्ही पास दिलात. पुढचं सांगायला नकोच. त्याच्याकडे खरंच पाच दणकट इस्पिक असती, तर तो गुपचूप पास देऊन बसला असता, तुमच्या डबलची, म्हणजे शत्रूच्या बोलीचे गुण दुप्पट करणाऱ्या बोलीची, वाट बघत.

इथे 2 इस्पिक ही क्यू बिड, म्हणजे शत्रूचाच रंग बोलणं. तिचा अर्थ: बदाम जमतात, निदान तीन पत्ते आहेत, आणि 10 पॉइंट (एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1) किंवा जास्त आहेत. इस्पिकबद्दल ही बोली काहीच सांगत नाही. एक्का आहे असंही नाही, व्हॉइड (त्या रंगाचा एकही पत्ता नसणं) आहे असंही नाही. समजा भिडूचा हात असा आहे: इस्पिक 7-4, बदाम राजा-गुलाम-8-5, चौकट एक्का-राणी-6-3, किलवर गुलाम-9-2. एकूण 11 पॉइंट. 2 बदाम म्हटलं तर 6 ते 9 वाटतील. मग सरळ 3 बदाम का नाही? कारण शत्रू मध्ये पडल्यावर बहुतेक जण ती उडी कमजोर हातावर मारतात: चार हुकूम, पॉइंट जेमतेम, हेतू फक्त वाट अडवायचा. चांगल्या हातासाठी उरते ती क्यू बिडच. तुमचं ओपनिंग किमान असेल तर 3 बदामवर थांबा, जास्त असेल तर 4.

भिडूने ओव्हरकॉल केलेला असतानाही हाच हिशेब. शत्रूच्या 1 चौकटवर त्याने 1 इस्पिक म्हटलं, तुम्ही 2 चौकट. ओव्हरकॉल 8 पॉइंटांवरही होतो, म्हणून त्याला 2 इस्पिकवर उतरायची जागा मिळते. माझ्या मते क्यू बिडचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

शत्रूने उघडल्यावर लगेच त्याचाच रंग बोलणं मात्र वेगळं प्रकरण. ते मायकल्स, मायामीच्या माइक मायकल्सच्या नावाचं. 1 चौकटवर 2 चौकट म्हणजे इस्पिक आणि बदाम, पाच-पाच. 1 इस्पिकवर 2 इस्पिक म्हणजे बदाम आणि एक मायनर (किलवर किंवा चौकट). कोणता ते 2 नोट्रंप (बिनहुकमी) बोलून विचारायचं.

तिसरा प्रकार उशिरा येतो. तुमचं 1 चौकट, डावीकडून 1 इस्पिक, भिडूचं 2 किलवर, तुमचं 3 किलवर, आणि आता भिडू 3 इस्पिक. हा प्रश्न आहे: इस्पिकचा स्टॉपर, म्हणजे शत्रूचा तो रंग अडवणारा पत्ता, आहे का? तुमच्याकडे राजा-दुर्री असेल तर बेधडक 3 नोट्रंप म्हणा. उतारी ओव्हरकॉल करणाऱ्याची, त्याने इस्पिक टाकलं की तुमचा राजा होतोच. तेच नोट्रंप भिडूने खेळलं तर उतारी दुसऱ्या बाजूने येऊन राजा एक्क्यात सापडेल.

शत्रूने दोन रंग बोललेले असतील तर बरेच जण उलट खेळतात: जो रंग बोलाल त्यात स्टॉपर आहे, दुसऱ्याचं भिडूने बघावं. आणि शत्रूचं 1 किलवर दोन-तीन पत्त्यांवरचं असू शकत असेल, तर त्यावर 2 किलवर मायकल्स की खरे किलवर, हे भिडूशी डाव वाटायच्या आधी बोलून घ्या.