युरेल पास काढल्यावर युरोपात ट्रेनची सीट वेगळी बुक करावी लागते का? किती दिवस आधी?

ताई, तुम्ही विचारलंय की परभणीहून तुम्ही, तुमचे मिस्टर आणि ६८ वर्षांच्या सासूबाई जूनमध्ये मुलाकडं म्युनिकला जायलात, तिथून पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम करायचंय, युरेल पास, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास, तोही १ महिन्यात कोणतेही ७ दिवस प्रवास करायचा, घ्यायचा विचार आहे, तर पास असताना सीटचं रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं का. काही गाड्यांना करावंच लागतं, काहींना अजिबात नाही, आणि तुम्ही जो रूट लिहिलाय त्यात नेमक्या लागणाऱ्या गाड्याच जास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. मी संभाजीनगरचा, वाळूजच्या एका कंपनीकडून काही वर्षं स्टुटगार्टला होतो, आई-वडील आणि गावाकडची बरीच मंडळी त्या काळात तिकडं येऊन फिरून गेली आणि त्यांच्या गाड्यांचं सगळं मीच बघायचो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आपल्याकडं मराठवाडा एक्स्प्रेसला रोजचे एमएसटीवाले असतात बघा, त्यांच्या पासवर सीट नंबर नसतो, पास म्हणजे फक्त प्रवासाचं भाडं भरल्याची पावती, युरेलचंही तसंच आहे. पास म्हणजे भाडं, सीट वेगळी. फरक एवढाच की तिकडं बऱ्याच गाड्यांत पासवाल्याला कोणत्याही डब्यात रिकामी सीट बघून बसता येतं, आणि काही गाड्या अशा आहेत की रिझर्व्हेशन नसेल तर चढताच येत नाही, चढलात तर दंड. वेटिंग लिस्ट, आरएसी असली भानगड तिकडं नाही. अशा गाडीची सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर दुसरी गाडी.

जर्मनीपासून सुरू करू. देशातल्या देशात आयसीई असो, आयसी असो (या तिकडच्या लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या), रिझर्व्हेशन सक्तीचं नाही. पास दाखवायचा आणि बसायचं. प्रत्येक सीटच्या वर किंवा बाजूला छोटी डिजिटल पट्टी असते, त्यावर ती सीट कुठून कुठपर्यंत रिझर्व्ह आहे ते येतं, काहीच लिहिलेलं नसेल तर बिनधास्त बसा, आणि रिझर्व्ह असलेला माणूस गाडी सुटल्यावर १५ मिनिटांत आला नाही तर त्याचा त्या सीटवरचा हक्क जातो. पण ताई, सासूबाई सोबत आहेत म्हणून सांगतो, सक्ती नसली तरी लांबच्या आयसीईला सीट घेऊनच टाका. सेकंड क्लासला साडेपाच युरोच्या आसपास पडते एका माणसाला. शुक्रवारी दुपारनंतर आणि रविवारी संध्याकाळी त्या गाड्यांत लोक दारापाशी जमिनीवर बसलेले असतात, तिथं म्हातारं माणूस आणि तीन बॅगा घेऊन सीट शोधत फिरणं म्हणजे नुसता ताप. आणखी एक, बायर्न राज्यात म्हणजे म्युनिकच्या भागात मे-जूनमध्ये शाळांना फिंग्स्टनची दोन आठवड्यांची सुट्टी असते, तारखा दरवर्षी बदलतात, मुलाला विचारा. त्या दिवसांत म्युनिकहून दक्षिणेकडं, इटलीकडं जाणाऱ्या गाड्या गच्च असतात.

आता खरी अडचण फ्रान्सची. टीजीव्ही म्हणजे त्यांची फास्ट गाडी, तिला रिझर्व्हेशन सक्तीचं, आणि म्युनिक किंवा स्टुटगार्टहून पॅरिसला जाणाऱ्या फास्ट गाडीलाही तसंच, पॅरिसहून झुरिक, बासेल, जिनिव्हाकडं येणाऱ्या टीजीव्ही लीरियालाही तसंच. इथं लोक हमखास अडकतात ते असं, की या गाड्यांत पासवाल्यांसाठी ठराविकच सीटा ठेवलेल्या असतात, तो कोटा संपला की गाडी अर्धी रिकामी का असेना, पासवर सीट मिळत नाही. मग पूर्ण तिकीट काढून जावं लागतं आणि तेही तोपर्यंत महाग झालेलं असतं. त्यामुळं तुमच्या ट्रिपमधली सगळ्यात पहिली बुक करायची गोष्ट म्हणजे पॅरिसला जायची आणि पॅरिसहून निघायची गाडी. बाकीचं सगळं त्या दोन तारखांभोवती बसवा, हॉटेलसुद्धा. जूनसाठी मी म्हणेन फेब्रुवारीच्या शेवटापासून रोज एकदा बघत जा, बुकिंग साधारण तीन-चार महिने आधी उघडतं, आपल्यासारखं सरसकट ६० दिवसांचं गणित तिकडं नाही, प्रत्येक गाडीचं वेगळं. फ्रान्सच्या आतल्या टीजीव्हीला पासवाल्याला १० ते २० युरो लागतात, देशाबाहेर जाणाऱ्या गाडीला जास्त लागू शकतात. लंडनची युरोस्टार तुमच्या यादीत नाही ते बरंच आहे, तिलाही असाच कोटा, वरून ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो.

स्वित्झर्लंड एकदम उलटं. तिथं देशातल्या जवळजवळ कुठल्याच साध्या गाडीला रिझर्व्हेशन नाही, स्टेशनवर जायचं, पुढची गाडी पकडायची, अर्ध्या-एक तासाला गाडी असतेच. पण ग्लेशियर एक्स्प्रेस, बर्निना एक्स्प्रेस अशा मोठ्या काचांच्या टुरिस्ट गाड्यांना सीट सक्तीची आणि ती स्वस्त नाही. ग्लेशियर एक्स्प्रेसवाले झरमॅट ते सेंट मॉरित्झ आठ तास बसवून नेतात, सासूबाईंना एवढं बसवेल का याचाही विचार करा. माझा सल्ला, बर्निनाच्या त्याच रुळांवरून साधी रिजनल गाडी जाते, पासवर जाते, रिझर्व्हेशन शून्य, बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात त्यामुळं फोटो उलट चांगले येतात आणि मधेच आवडलं तिथं उतरता येतं. माझ्या आईला मी त्याच गाडीनं नेलं होतं आणि ती अजून त्याच प्रवासाचं बोलते, आयफेल टॉवरचं नाही. युंगफ्राउयोख म्हणजे बर्फाच्या डोंगरावरचं ते उंच रेल्वे स्टेशन पासमध्ये येत नाही, युरेलवाल्यांना २५ टक्के सवलत मिळते, ते तिकीट वेगळं.

इटलीत परत सक्ती सुरू. झुरिकहून मिलानला येणारी युरोसिटी गाडी बॉर्डर ओलांडते म्हणून तिला रिझर्व्हेशन, मिलान ते रोम फ्रेच्चारोस्सा म्हणजे इटलीच्या फास्ट गाडीला रिझर्व्हेशन, साधारण १०-१३ युरो. ही फ्रेच्चारोस्सा तीन तासांच्या आसपास रोमला पोचवते आणि दिवसभर इतक्या गाड्या असतात की पॅरिससारखी मारामारी नाही, पाच-सहा आठवडे आधी घेतली तरी चालते. इटलीतल्या रेजोनाले म्हणजे पॅसेंजर गाड्यांना काही लागत नाही, पण मिलान-रोम त्यानं जाऊ नका, दिवस जातो.

रोमहून म्युनिकला परत यायला रात्रीची नाईटजेट आहे. झोपायच्या गाडीला अर्थातच रिझर्व्हेशन लागतं, बसायची सीट, बर्थचा डबा आणि खासगी स्लीपर असे प्रकार असतात, पैसेही तसेच चढत जातात. तिघं असाल तर बर्थच्या डब्यात खालची बर्थ सासूबाईंना मिळेल असं बघा, आणि ही गाडी पॅरिसनंतर लगेच दुसऱ्या नंबरला बुक करा, बर्थ लवकर भरतात. एक फायदा आहे, रात्री १२ च्या आत निघणारी गाडी दुसऱ्या दिवशी पोचली तरी पासचा एकच दिवस खर्च होतो, निघायचा दिवस, फक्त सकाळी उतरून पुढं दुसरी गाडी पकडू नका.

म्हणजे तुमचे ७ दिवस मोजू. म्युनिक-पॅरिस, पॅरिस-स्वित्झर्लंड, स्वित्झर्लंडमध्ये फिरायचे दोन, स्वित्झर्लंड-मिलान-रोम, रोम-म्युनिक. सहा झाले. सातवा म्युनिकहून साल्झबुर्ग बघायला वापरावा असं कोणी सांगेल, पण तो तिथं घालवू नका, साल्झबुर्गला बायर्न तिकीट चालतं, ते अख्ख्या ग्रुपचं एका दिवसाचं रिजनल गाड्यांचं तिकीट आहे, पाच जणांपर्यंत काढता येतं आणि खूप स्वस्त पडतं. सातवा दिवस स्वित्झर्लंडला द्या.

आता पैशाचं स्पष्ट बोलतो, कारण हे ट्रॅव्हल एजंट सांगत नाहीत. या रूटवर पासच्या किमतीवर नुसत्या रिझर्व्हेशनचे माणशी शंभर युरोच्या आसपास किंवा वर जातील, नाईटजेटमध्ये काय घेता त्यावर आहे. तेव्हा पास काढायच्या आधी एकदा कागदावर मांडा, पास अधिक रिझर्व्हेशन एकीकडं आणि सुटी तिकिटं दुसरीकडं. आधीच काढलेली सुटी तिकिटं कधीकधी स्वस्त पडतात, विशेषतः फक्त तीन-चार मोठे प्रवास असतील तर. स्वित्झर्लंडमध्ये जास्त दिवस फिरणार असाल तर मात्र पास वसूल होतो, तिथली सुटी तिकिटं फार महाग. सासूबाईंचा सीनियर पास काढा, ६० वर्षांच्या वर १० टक्के कमी लागतात.

मुलगा सोबत येणार असेल तर त्याचं वेगळं आहे. तो जर्मनीत राहतो म्हणून त्याला युरेल नाही, इंटररेल म्हणजे युरोपात राहणाऱ्यांसाठीचा तसाच पास घ्यावा लागतो, पासपोर्ट भारतीय असला तरी. आणि इंटररेलवर राहत्या देशात म्हणजे जर्मनीत फक्त एकदा बाहेर जायचा आणि एकदा परत यायचा प्रवास चालतो. पण कोटा दोघांना सारखाच, म्हणून चौघांच्या सीटा एकदमच बुक करा, नाहीतर तो एका गाडीत आणि तुम्ही दुसऱ्या.

बुकिंग कुठून? फ्रान्स आणि इटलीच्या गाड्या युरेलच्या साईटवरूनच करा, तिथं दर माणशी दर गाडी २ युरो जास्तीचे घेतात पण पासचा भाव बरोबर लागतो. जर्मनीतल्या गाड्यांना डॉइच बान म्हणजे जर्मन रेल्वेच्या साईटवर तिकीट न काढता फक्त सीट घ्यायचा पर्याय असतो, मुलगा ते घरबसल्या करेल, नाहीतर म्युनिक स्टेशनच्या काउंटरवर. फोनमध्ये रेल प्लॅनर नावाचं ॲप घ्या, पासही त्याच्यातच राहतो. गाडी शोधताना रिझर्व्हेशन न लागणाऱ्याच गाड्या दाखव असं त्यात टाकता येतं, हे बटण मला सगळ्यात उपयोगी वाटतं. चढायच्या आधी प्रवास ॲपमध्ये टाकलेला पाहिजे, आणि पासवरचं नाव पासपोर्टसारखंच तंतोतंत, तपासनीस पासपोर्ट मागतो. दोन गाड्यांच्या मध्ये तास-दीड तास ठेवा, गाड्या तिकडंही लेट होतात, हमाल नसतात, आणि सक्तीची गाडी तुमच्या चुकीनं सुटली तर पास राहतो पण रिझर्व्हेशनचे पैसे जातात.

आणि व्हिसा. रिझर्व्हेशनचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, म्हणून व्हिसा हातात आल्याशिवाय ती काढावीशी वाटत नाहीत आणि तोपर्यंत पॅरिसचा कोटा जातो, हे असं होऊ देऊ नका. शेंगेन व्हिसाचा (या सगळ्या देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जूनसाठी जानेवारीतच अर्ज टाका, म्हणजे मार्चपर्यंत व्हिसा हातात आणि गाड्याही मोकळ्या. तारखा ठरल्या की इथंच खाली लिहा, पॅरिसच्या दोन्ही गाड्या कोणत्या घ्यायच्या ते बघून सांगतो.