दम्याच्या मुलाचे औषध शाळेत का असावे?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. माझ्या वर्गातील एका मुलाचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि तो आजीजवळ राहतो. थंडी पडली की त्याला वरचेवर धाप लागते, रात्रभर खोकतो आणि पुढचे काही दिवस शाळेत येत नाही. तालुक्याला नेऊन वाफ दिली की बरा होतो. तेथील डॉक्टरांनी ‘ॲलर्जीचा खोकला’ असे सांगितले आहे. शिक्षिका म्हणून मी काय करू शकते?

उत्तर : मुलाला तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही पुन्हा पुन्हा लागणारी धाप, रात्री-पहाटे वाढणारा खोकला आणि वाफेने लगेच पडणारा आराम या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की आम्ही पहिला विचार दम्याचाच करतो. दवाखान्यात यंत्राने (नेब्युलायझरने) दिलेल्या औषधाच्या वाफेने श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल होतात आणि मूल थोड्याच वेळात हसूखेळू लागते, पण नलिकांच्या आतल्या अस्तराची सूज तशीच राहते. ती उतरवण्यासाठी श्वासातून घ्यायचे स्टिरॉइडचे औषध अगदी कमी मात्रेत, मूल ठणठणीत दिसत असतानाही, रोज द्यावे लागते. घरी नेमके हेच राहून जाते.

आपल्या हाती असलेले सर्वांत उपयोगी साधन म्हणजे हजेरीपत्रक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला आणि त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. त्यांनी शोधायच्या आजारांच्या यादीत दम्यासारखा श्वासनलिकांचा विकारही आहे. अडचण अशी की दोन झटक्यांच्या मधल्या काळात दम्याच्या मुलाची छाती पूर्ण स्वच्छ ऐकू येते, आणि पथक आले त्या दिवशी मूल बरे असेल तर त्याच्या नावापुढे काहीच नोंद होत नाही. म्हणून गैरहजेरीच्या तारखा, रात्रीचा खोकला, धावताना लागलेला दम आणि वाफ घेतल्याचे दिवस एका कागदावर लिहून तो पथकातील डॉक्टरांच्या हाती द्यावा आणि पुढील तपासणीसाठी संदर्भ चिठ्ठी मागावी.

निदान पक्के झाल्यावर डॉक्टरांचे लेखी पत्र आणि आजीची संमती घेऊन रोजच्या औषधाची एक वेळ शाळेत, आपल्या समोर, ठेवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात गरीब वस्त्यांतील मुलांना प्रतिबंधक औषध शाळेतील परिचारिकेने रोज समोर दिले, तेव्हा त्यांचे त्रासाविना जाणारे दिवस वाढले. आपल्या शाळेत परिचारिका नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु शालेय आरोग्य कार्यक्रमात 2020 पासून प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची तरतूद आहे, आणि परिपाठानंतर एका मुलाला पंप (श्वासातून औषध घेण्याचा इनहेलर) देऊन चूळ भरायला लावणे हे दोन-तीन मिनिटांचे काम आहे. रविवारी आणि सुटीत ते आजीने करावे.

पंपासोबत स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी, हवाच, कारण लहान मुलाला पंपाचा फवारा आणि श्वास यांचा मेळ साधत नाही आणि बरेच औषध घशातच राहते. स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, स्वच्छ धुऊन वाळवा, बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे भोक पाडा आणि पंप बसवून भोवतीची फट चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. दक्षिण आफ्रिकेतील मुलांवर केलेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी बंद फटीची बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. फट उघडी राहिलेली बाटली मात्र कमी पडली. पंपावर तो उघडल्याची तारीखही लिहून ठेवा. दोनशे मात्रांचा पंप रोज दोन फवाऱ्यांनी शंभर दिवसांत संपतो, आणि औषध संपल्यावरही त्यातून नुसता वायू येत राहतो, त्यामुळे घरच्यांना ते कळत नाही.

हा मुलगा पुढेमागे आईवडिलांबरोबर फडावर गेलाच, तर औषध आणि डॉक्टरांच्या पत्राची प्रत त्याच्या सामानात जाईल असे पाहावे. पाचटाच्या कोपीत चुलीचा धूर कोंडतो, आणि उपचार तुटलेल्या मुलाला तेथे झटका येण्याची भीती अधिक असते.

प्रश्न : आम्ही गोवंडीला राहतो. माझी मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. शाळेत पंप न्यायला मनाई केली आहे. सासूबाई म्हणतात की पंपाची सवय लागते आणि उंची खुंटते. काय करावे?

उत्तर : पंपाची सवय लागत नाही. रोजच्या स्टिरॉइडच्या पंपाने उंचीत सुमारे एक सेंटीमीटरचा फरक पडू शकतो, हे सासूबाईंना खरे ते सांगावे. त्याबरोबर हेही सांगावे की आटोक्यात नसलेल्या दम्यानेही वाढ मंदावते आणि जोराचा झटका जिवावर बेतू शकतो. शाळेसाठी डॉक्टरांकडून पत्र घ्या, त्यात औषधाचे नाव, मात्रा आणि ते कधी द्यायचे हे लिहून घ्या, आणि मुख्याध्यापकांना स्वतः भेटा. सहावीतली मुलगी आपला पंप दप्तरात नीट सांभाळू शकते. तो कार्यालयात ठेवायचा झाल्यास कुलूपबंद कपाटात नको, कारण किल्ली असलेली व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशीही धाप लागू शकते. खेळाच्या तासाला तिला बसवून ठेवू नये, अशी विनंतीही करा. वर्ग झाडताना मात्र तिला बाहेर थांबू द्यावे आणि फळा ओल्या फडक्याने पुसावा.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत अधीक्षक आहे. रात्री मुलाला झटका आला आणि दवाखाना दूर असेल, तर आम्ही काय करावे?

उत्तर : मुलाला ताठ बसवा, आडवे करू नका, भोवतीची गर्दी हटवा. तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप हलवून स्पेसरमध्ये एक फवारा मारा आणि मुलाला चार ते सहा श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक चार फवारे द्या. चार-पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा चार द्या आणि त्याच वेळी 108 क्रमांकावर फोन करा. गाडी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा ते सुस्त पडत असेल, तर पहिल्या फवाऱ्याबरोबरच फोन झाला पाहिजे. छातीतली घुरघुर एकाएकी थांबली आणि मूल मात्र दमलेलेच दिसत असेल, तर त्याला बरे वाटले असे समजू नका. हवा आत जाणेच कमी झाल्याची ती खूण असू शकते.