आधी बजेट लिही, प्रस्ताव नंतर

अगं, तुझा मेसेज काल रात्री वाचला, लगेच उत्तर टाइप करायला घेतलं पण म्हटलं नीट बसून लिहू. कॉलेजच्या प्रोजेक्ट फंडाला अप्लाय करू का, रात्रपाळीच्या नर्सेसवरची ऑडिओ डॉक्युमेंटरी त्यात बसेल का, आणि आपली आयडिया तेवढी मोठी आहे का, असं विचारलंयस.

कर अप्लाय. आणि आपण काहीतरी मागायला चाललोय, असं मनात आणू नकोस. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर यांनी यूआरओपी नावाची योजना सुरू केली, पदवीच्या मुलांनी प्राध्यापकांसोबत खरं संशोधन करावं म्हणून, आणि आज अशा योजना कितीतरी कॉलेजांत आहेत. हा पैसा तुमच्यासाठीच बाजूला काढलेला असतो गं.

आता माझं ऐक, प्रस्ताव लिहायला बसू नकोस, आधी बजेट लिही. सगळे उलटं करतात, चार पानं भारी भारी लिहितात आणि शेवटच्या रात्री खर्चाचे आकडे अंदाजाने टाकतात, आणि कमिटीला ते लगेच कळतं. तू तासातासाच्या दहा मुलाखती म्हणतेयस ना, एक तासाचं रेकॉर्डिंग हाताने उतरवायला सहज चार तास जातात, आवाज खराब असेल तर जास्तच, म्हणजे झाले चाळीस तास, ते कोण करणार? तू केलंस तर परीक्षेच्या आधी की नंतर? दुसऱ्याकडून करून घेतलंस तर त्याचे पैसे कुठल्या रकान्यात? सॉफ्टवेअरने केलंस तरी तपासायला बसावंच लागतं. एवढं मांडलंस की तुझं तुलाच कळेल की सहा मुलाखती पुरे आहेत, आणि सहाचा प्रोजेक्ट दहाच्यापेक्षा चांगला होईल कारण प्रत्येकीकडे दुसऱ्यांदा जाता येईल. मी बजेट आधी म्हणते ते यासाठी.

रेकॉर्डर डिपार्टमेंटकडून मिळतोय का बघ, फंडातून घेतलेली वस्तू बहुतेक वेळा कॉलेजकडेच जमा करावी लागते.

ऑफिसात एक गोष्ट आधी विचार, पैसे आगाऊ मिळतात की बिलं दिल्यावर. बिलं दिल्यावर असतील तर सुरुवातीला तुझ्या खिशातून जाणार, ती सोय आहे का ते घरी बोलून घे, लाजू नकोस. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत एक पैसा खर्च करू नकोस. माझ्या पहिल्या प्रोजेक्टला मी उत्साहात आधीच प्रवास करून आले, पत्रावरची तारीख नंतरची निघाली, त्यातलं काहीच परत मिळालं नाही. फार रडले होते तेव्हा.

परवानगीचंही तसंच. माणसांच्या मुलाखती आहेत, त्यात हॉस्पिटल, मागे एखाद्या पेशंटचा आवाज येऊ शकतो. एथिक्स कमिटीकडे जावं लागेल का ते गाइडना आत्ताच विचार, कारण रेकॉर्डिंग झाल्यावर मागाहून परवानगी मिळत नाही. संमतीपत्र नर्सेसना कळेल अशा भाषेत लिही, आणि नंतर नको वाटलं तर आवाज काढून टाकू हेही त्यात घाल. रात्रभर राबून आलेली बाई तुला तिची झोपेची वेळ देणारे, तिच्यासाठी मानधन धर. कमिटीने कापलं तर कापू दे, पण आपण धरायचंच.

प्रस्ताव वाचणाऱ्यांत एखादे केमिस्ट्रीचे सरही असतील, त्यांना ऑडिओ डॉक्युमेंटरी म्हणजे काय हे कदाचित माहीत नसेल. दोन मिनिटांचा नमुना जोड. ओळखीतल्या एखाद्या नर्सशी तिच्या परवानगीने बोल, घरीच, फोनवर रेकॉर्ड केलंस तरी चालेल. तुझं काम ऐकल्यावर पटतं, वाचून तेवढं नाही पटत.

गाइडच्या शिफारसपत्रासाठी निदान तीन आठवडे दे त्यांना.

नाही मिळालं तर कारण लेखी माग, पुढच्या वेळी तोच प्रस्ताव दुरुस्त करून टाकू.

शनिवारपर्यंत मला फक्त बजेटचं पान पाठव, बाकी काही नको. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते एका ओळीत लिही, मग रविवारी फोनवर बसून एकेक बघू.