आप्पांना गाडीबद्दल कसं सांगू?

मावशी,

मी चोपडा तालुक्यातला. ९ वर्षांपासून सिंगापूरला नोकरीला आहे. बायको आणि ४ वर्षांची मुलगी सोबत आहेत. मला लहानपणापासून गाड्यांचं वेड. दोन वर्षांपूर्वी मी इथे एक वापरलेली माझदा एमएक्स-५ घेतली. लाल, उघड्या छताची, दोन सीटांची, सप्टेंबर २०१७ च्या नोंदणीची. घरी दर महिन्याला पैसे पाठवतो, त्यात एकदाही खंड पडला नाही. पण गाडीचं आप्पांना सांगितलं नाही. सांगू सांगू म्हणता राहून गेलं.

यंदा जूनच्या वादळात आमची केळीची पाच हजार खोडं आडवी झाली, घड निसवलेली. नेमका त्याच आठवड्यात, इथे येऊन गेलेल्या चुलतभावाने माझ्या गाडीत बसलेला फोटो स्टेटसला ठेवला. पारावर लोक म्हणाले, "पोऱ्याने गाडी लिधी आनि बापले मालूमच नई." तेव्हापासून आप्पा फोनवर "बरं शे. ठेवस." एवढंच बोलतात. आप्पा हौशी माणूस होते. मी चौथीत असताना त्यांनी सारंगखेड्याहून पंचकल्याणी (चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेली) घोडी आणली होती, दोन मुक्काम करत पायी. पुढे बोअर आटली त्या साली विकली. तिचं अंग घासायचा खरारा अजून गोठ्यात खुंटीला आहे.

बायको म्हणते, गाडी विका. तिने एकदा विचारलं होतं, आपण तिघं बसायचं कुठे? मावशी, रविवारी पहाटे दोन तास ती गाडी चालवतो तेवढाच वेळ मी माझा असतो. मी चुकलो का? विकून टाकू का?

– तापीकाठचा, सध्या सिंगापूर

---

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी, दुसऱ्यांदा आप्पांसाठी. तिसऱ्यांदा मात्र तुझ्या बायकोच्या त्या एका वाक्यापाशी थांबले. तिच्याकडे येतेच, पण आधी आप्पांचं बोलू, कारण तुझा जीव तिथे अडकला आहे.

आप्पांना गाडीचा राग आलाय असं तू धरून चालला आहेस. मला तसं वाटत नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार भरतो तेव्हा तिथे कोण जातं, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. राजस्थान, गुजरातकडून जनावरं येतात, लाखांचे सौदे होतात, आणि घेणाऱ्यातल्या कितीतरी जणांना शेतीत घोड्याचं काडीचं काम नसतं. घोडी ना नांगराला चालते, ना दूध देते. ज्या माणसाने केळीच्या पैशातून पंचकल्याणी घेतली आणि वाटेत दोन रात्री तिच्याशेजारी झोपून ती घरी आणली, त्याला हौस म्हणजे काय ते तू शिकवणार? ते तुलाच तर त्यांच्याकडून आलंय.

आता खराऱ्याचं. घोडी विकली, पण खरारा विकला नाही, कुणाला दिला नाही, फेकलाही नाही. इतकी वर्षं त्या खुंटीला दुसरं काही टांगलं गेलं नाही. तुझ्या घरात हे दुःख रोज डोळ्यांसमोर आहे आणि त्यावर कुणी कधी बोललेलं नाही. बोअर आटली तेव्हा आप्पांनी घोडी सोडली ती तुमच्या शाळेसाठी असेल, पाइपलाइनसाठी असेल, सावकारासाठी असेल. तो हिशेब तुला ठाऊक आहे का? पत्रात तर नाही. आणि बागा आडव्या झाल्या त्या आठवड्यात त्यांना दुसऱ्याच्या मोबाइलवर कळतं की मुलाचीही एक घोडी आहे, दोन वर्षांपासून आहे, चुलत्याच्या पोराला तिच्यावर बसवलं आणि बापाला सांगितलंसुद्धा नाही. मला तरी त्यांच्या "बरं शे" मध्ये पैशाचा राग ऐकू येत नाही. आपल्या मुलाने आपल्याला ओळखलं नाही, हे त्यांना लागलंय.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. १९८३ साली आमच्या घरात हेच झालं. माझ्या यजमानांनी राजदूत मोटरसायकल घेतली आणि वडिलांना कसं सांगायचं म्हणून अमळनेरला मित्राच्या वखारीत ठेवली. तीन महिने. रोज गावातून एसटीने जायचे, तिथून गाडी काढायचे, संध्याकाळी परत ठेवून एसटीने घरी. सासऱ्यांना ते एका किराणा दुकानदाराकडून कळलं. ते ओरडले नाहीत, भांडले नाहीत. गाडी अंगणात आली, तिला हार घातला गेला, सासूबाईंनी नारळही फोडला. पण सासरे त्या गाडीवर कधीच बसले नाहीत. भर उन्हात स्टँडपर्यंत दीड किलोमीटर चालत जायचे. मुलगा मागून येऊन थांबायचा, "बसा ना बाबा." ते हाताने खूण करायचे, जा पुढे. अकरा वर्षं हे चाललं, मग ते गेले. यजमान शेवटी-शेवटी म्हणायचे, "त्या दिवशीच सांगून टाकलं असतं तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांना मागे बसवून बाजाराला नेलं असतं." म्हणून तुला सांगते, हे आपोआप निवळेल म्हणून बसू नकोस.

आज रात्री फोन कर. व्हिडिओ कॉल नको, आप्पांना तोंड लपवायला जागा हवी. पैशाचा विषय काढू नकोस. "मी दर महिन्याला पाठवतोच ना" हे वाक्य तोंडातून गेलं तर सगळं संपलं असं समज. आपल्या बोलीत बोल: "आप्पा, मी गाडी लिधी, तुमले सांगं नई. मनं चुकनं." एवढंच म्हण आणि गप्प बस. ते "ठेवस" म्हणाले तर ठेवू दे, उद्या पुन्हा कर. ज्या दिवशी ते दोन वाक्यं जास्त बोलतील त्या दिवशी त्यांना घोडीचं विचार. तिचं नाव काय होतं, देवमण (तो शुभ मानलेला केसांचा भोवरा) कुठे होतं, कितीला घेतली, कुणाला दिली. ऐकून घे. बागेचं काय ठरलं, पंचनामा झाला का, नवीन रोपं कधी लावायची, हेही विचार, पण ते त्यांच्या ओघात येऊ दे.

आता गाडी. माझी भाची सिंगापूरला बारा वर्षं राहते, तिच्याकडून मी सगळं नीट समजून घेतलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सिंगापूर सगळं मिळून ७३५ चौरस किलोमीटरच्या आसपास. आपल्या जळगाव जिल्ह्यात असे पंधरा-सोळा मावतील. एवढ्याशा जागेत गाड्या किती ठेवायच्या हे सरकार ठरवतं. १९९० पासून तिथे गाडी घ्यायची तर आधी परवाना बोलीत जिंकावा लागतो, त्याला सीओई म्हणतात. महिन्यातून दोनदा बोली लागते. मोठ्या गाड्यांच्या गटात ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भाव दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला होता, म्हणजे आपले नव्वद लाखांच्या आसपास, आणि हा नुसता कागद, गाडी वेगळी. तोही दहाच वर्षं चालतो. वर आयात कर, नोंदणीचा जबर कर, रस्ताकर, पार्किंग, आणि गर्दीच्या रस्त्यावर कमानीखालून गेलं की टोल. एवढं करून सगळ्यात मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वेगाची मर्यादा ताशी ९० किलोमीटर.

तरीही लोक गाडी घेतात, आणि मला ते वेडेपणाचं वाटत नाही. ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर पहाटे झाडांच्या बोगद्यातून जाताना छत उघडतोस, असं तू पत्राच्या मागच्या पानावर लिहिलंस. १९६१ ते १९७३ या काळात मोटारींच्या शर्यती होत होत्या तोच हा रस्ता, तेही लिहिलंस. तेवढ्या चार ओळींत तुझं अक्षर बदललंय, बाकी पत्रभर आखडलेलं आहे. परक्या शहरात पंधराव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला आठवड्यातले दोन तास स्वतःचे असावेत. त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही.

पण बांधलेली घोडीही खातेच. तुझी गाडी तळघरात उभी असली तरी तिच्या कागदाचे दिवस रोज गळताहेत. सप्टेंबर २०२७ ला तिची दहा वर्षं भरतील. तेव्हा दोन वाटा आहेत. तोवर नोंदणी रद्द करून गाडी भंगारात किंवा परदेशात पाठवलीस, तर तुझ्या गाडीसारख्या २०१७ च्या गाडीला नोंदणीच्या वेळच्या त्या मोठ्या कराचे निम्मे पैसे परत मिळतात. चालू भावाने पाच किंवा दहा वर्षांसाठी परवाना वाढवलास, तर ते निम्मे गेले कायमचे. शिवाय दहा वर्षांनंतर रस्ताकरावर दरवर्षी अधिभार चढतो आणि तपासणी दरसाल होते. मोह होणार आहे तो इथे, आज नाही. त्या वेळी तुझ्यासारखेच चार मित्र म्हणतील, अजून पाच वर्षं काढू रे, इंजिन कसलं ठणठणीत आहे. माझं मत स्पष्ट आहे: आज घाईने विकू नकोस आणि तेव्हा वाढवू नकोस. आज विकलीस तर आप्पांच्या अबोल्यामुळे विकलीस असं होईल आणि ती बोच तुझ्या मनात त्यांच्याविरुद्ध राहील. शेवटची तारीख आजच ठरव, आणि ती बायकोला तोंडी सांगू नकोस, कॅलेंडरवर तिच्यासमोर लिही.

आणि आता तिचं. "आपण तिघं बसायचं कुठे?" या प्रश्नाला तू पत्रात उत्तर दिलेलं नाहीस. तिलाही दिलं नसशील. ती मुलीला घेऊन बसने, मेट्रोने जाते. तिथली मेट्रो चांगली आहे, स्वस्त आहे, मला माहीत आहे. भाचीनेही आयुष्यात तिथे गाडी घेतली नाही. तुझ्या बायकोचं दुखणं प्रवासाचं नाहीच. घरातली सगळ्यात महागडी वस्तू अशी आली की जिच्यात घरचं एक माणूस नेहमीच बाहेर राहतं, आणि ती आणताना तिला विचारलं गेलं की नाही, तेही तू लिहिलं नाहीस. मला वाटतं, नाही विचारलंस. म्हणजे आप्पांना लपवलंस आणि हिला नुसतं कळवलंस.

तिला पूर्ण हिशेब दाखव. कर्ज किती राहिलं, महिन्याला विमा-पार्किंग-पेट्रोल किती जातं, सप्टेंबर २०२७ ला हातात किती येईल. कागदावर, आकड्यांत. आणि ते येणारे पैसे कशाला वापरायचे ते तिला ठरवू दे, मनापासून. तिला गाडी चालवता येते का, हेही तू लिहिलं नाहीस. येत असेल तर एक रविवार तुझा, एक रविवार तिचा. मुलीला तू सांभाळ, तिला एकटीला जाऊ दे त्या झाडांखालून. येत नसेल तर शिकायचंय का ते विचार. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं नसेल.

चुलतभावावर रागावू नकोस. त्याला कौतुक वाटलं म्हणून त्याने फोटो टाकला. पारावरच्या लोकांचं तर सोडूनच दे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुसरं काही सापडलं की ते तुझी गाडी विसरतील.

राहिलं एक. पाच हजार खोडं आडवी झाली त्याबद्दल तू लिहिलंस, पण तेव्हा तू घरी आला होतास का, हे लिहिलं नाहीस. नसशील तर ये. नवीन लागवडीच्या वेळी चार दिवस काढ, खड्ड्यांच्या बांधावर आप्पांच्या शेजारी उभा राहा. गाडीचं तिथे जास्त नीट बोलता येईल, दोघांचेही डोळे जमिनीकडे असतात.

आणि त्याच मुक्कामात आप्पांना जळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात घेऊन जा. ते नाही म्हणतील, "मले काय करनं शे तिकडे?" म्हणतील. तरी फॉर्म भर. केळी काढणीला यायच्या आधी, जेव्हा पाणी द्यायला गडी पुरतो, तेव्हा पंधरा दिवसांसाठी त्यांना तिकडे ने. सप्टेंबर २०२७ च्या आत. रविवारी पहाटे उठव, ते तसेही चारला उठलेले असतील. बायको आणि मुलगी त्या दिवशी झोपल्या तरी चालेल, तिकडे निघण्याआधी त्यांना सांगून ठेव. गाडी फार खाली बसलेली असते आणि आप्पांचे गुडघे आता साठीच्या पुढचे असतील, तेव्हा छत आधीच उघडून ठेव. दाराला धरून उभ्याउभ्या आत उतरता येईल त्यांना.

– मावशी