आठ खुर्च्या, चार वाटा

प्रश्न : गोव्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या बुद्धिबळाच्या विश्वचषकाच्या बातम्या मी रोज वाचत होतो. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत बाद झाला, तरी त्याचे जगज्जेतेपद अबाधित राहिले. आणि ज्याने चषक जिंकला, त्याला कोणी जगज्जेता म्हटले नाही. मग ही स्पर्धा कशासाठी असते आणि जगज्जेत्याला आव्हान देणारा कसा ठरतो? — एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : क्रिकेटमध्ये विश्वचषक जिंकणारा तोच जगज्जेता, त्यामुळे आपल्या मनात हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. बुद्धिबळात जगज्जेतेपद समोरासमोरच्या लढतीत ठरते. गुकेशने ते १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनला ७.५–६.५ असे हरवून मिळवले. या लढतीचा आव्हानवीर ज्या स्पर्धेतून निवडला जातो, ती कँडिडेट्स. तिथे खेळाडू आठच असतात, प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी दोन डाव खेळतो आणि १४ फेऱ्यांनंतर जो पहिला येतो, त्यालाच आव्हानाचा हक्क मिळतो. विश्वचषक ही या आठ खुर्च्यांपर्यंत नेणाऱ्या चार वाटांपैकी एक आहे.

२०२६ च्या कँडिडेट्ससाठी तीन जागा गोव्याच्या विश्वचषकातून भरल्या गेल्या, दोन ग्रँड स्विस स्पर्धेतून, दोन फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या ‘फिडे सर्किट’मधून, म्हणजे २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांच्या एकूण कामगिरीवर प्रत्येकी एक, आणि उरलेली एक गुणांकनावर, म्हणजे निकालांनुसार वर-खाली होणाऱ्या, खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्यावर.

गोव्यात २०६ खेळाडू होते. वरच्या ५० जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, उरलेले १५६ एकमेकांशी खेळले आणि त्यांतले ७८ पुढे आले. म्हणजे दुसऱ्या फेरीपासून १२८ जणांची सरळ बाद पद्धत. दोन दिवस दोन पारंपरिक, म्हणजे दीर्घ वेळेचे, डाव आणि बरोबरी झाली तर तिसऱ्या दिवशी जलद डावांचा टायब्रेकर, असा एकेका फेरीचा क्रम होता. या २०६ जणांत खंडीय अजिंक्यपद स्पर्धांतून आलेले होते, जागतिक कनिष्ठ विजेता होता, गुणांकन यादीवरून आलेले होते आणि ऑलिम्पियाड या देशांच्या सांघिक स्पर्धेतील क्रमवारीनुसार आपापल्या देशांच्या संघटनांनी पाठवलेलेही होते. ज्यांना बड्या निमंत्रितांच्या स्पर्धांत कधी बोलावणे येत नाही, असे खेळाडू इथे अव्वल ग्रँडमास्टरच्या समोर बसतात. उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव चषक घेऊन गेला, वेई यी दुसरा आणि आंद्रेई एसिपेंको तिसरा आला. चषकाला नाव होते विश्वनाथन आनंद यांचे. पण २४ भारतीय खेळाडू असूनही कँडिडेट्सची जागा मात्र त्यांतल्या एकालाही इथून मिळाली नाही. मला त्याची हळहळ आजही वाटते.

बाद पद्धत म्हणजे निव्वळ नशीब, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. एका चुकीनंतर परतीचे तिकीट काढावे लागेल हे ठाऊक असताना तीन-साडेतीन आठवडे डोके शांत ठेवणे हासुद्धा या खेळातल्या कौशल्याचाच भाग आहे. मात्र केवळ याच एका कसोटीवर आव्हानवीर निवडला असता तर अन्याय झाला असता, आणि म्हणूनच ग्रँड स्विसची वाट मोलाची आहे. तिथे हरणारा बाहेर जात नाही. ११ फेऱ्या सर्वांनाच खेळायला मिळतात. नाशिकचा विदित गुजराथी २०२३ मध्ये आयल ऑफ मॅन येथे पहिलाच डाव हरला होता. बाद पद्धतीत अशी सुरुवात बहुधा महागात पडते. विदितने पुढच्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण जमवले, स्पर्धा जिंकली आणि टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये जाऊन अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवले.

सर्किटमध्ये वर्षभरातल्या निवडक उत्तम निकालांचे गुण धरले जातात. गुकेश २०२३ मध्ये याच वाटेने आला. डिसेंबरमधली चेन्नईची स्पर्धा त्याने जिंकली नसती, तर ही खुर्ची त्याच्या हातून निसटली असती आणि सिंगापूरची लढत आपण वेगळ्याच नावांसह वाचली असती. २०२५ ची जागा प्रज्ञानंदने याच वाटेने मिळवली.

गुणांकनाची वाट मला सर्वांत कच्ची वाटते. ऑगस्ट २०२५ ते जानेवारी २०२६ या सहा महिन्यांच्या सरासरीत जो वर असेल त्याला ही जागा मिळणार होती. अट होती किमान ४० पारंपरिक डावांची. ती संख्या भरून काढण्यासाठी नाकामुराने अमेरिकेत लुईझियाना, आयोवा अशा ठिकाणच्या छोट्या स्पर्धांत आपल्यापेक्षा कितीतरी कमी गुणांकनाच्या खेळाडूंशी डाव खेळले. त्यात नियमभंग काहीच नव्हता आणि त्याच्या ताकदीबद्दलही शंका नाही, परंतु कँडिडेट्सची खुर्ची अशा डावांच्या भरतीवर अवलंबून राहावी, हे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : ग्रँडमास्टर होण्यासाठी तीन नॉर्म लागतात असे ऐकले होते. मग दिव्या देशमुखला हा किताब थेट कसा मिळाला? — एक वाचिका, दादर

उत्तर : आपण ऐकले ते बरोबर आहे. एरवी तीन नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ग्रँडमास्टरच्या तोडीच्या तीन कामगिऱ्या, आणि २५०० गुणांकन लागते. काही मोजक्या स्पर्धांच्या विजेत्यांना मात्र फिडे हा किताब थेट देते आणि महिलांचा विश्वचषक त्यांपैकी एक आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या जॉर्जियातील बाटुमी येथे पोहोचली तेव्हा तिच्याकडे एकही ग्रँडमास्टर नॉर्म नव्हता. भारताचीच हरिका आणि चीनची माजी जगज्जेती टॅन झोंगयी यांना मागे सारून ती अंतिम फेरीत गेली आणि कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटल्यावर २८ जुलैला जलद डावांत १.५–०.५ अशी जिंकली. शेवटची खेळी झाल्यावर ती पटासमोरच डोळे पुसत होती, आणि नंतर आईच्या गळ्यात पडून तिला रडू आवरेना. १९ व्या वर्षी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली आणि महिलांच्या कँडिडेट्सलाही पात्र ठरली.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि क्लासमध्ये तिला गती आहे असे सांगतात. मुंबईतून या वाटेला लागायचे तर सुरुवात कुठून करावी? — एक आई, मुलुंड

उत्तर : सुरुवात जिल्हा निवड स्पर्धेतून करावी. जिल्हा, मग राज्य, मग वयोगटाची राष्ट्रीय स्पर्धा आणि तिथल्या वरच्या क्रमांकांतून आशियाई व जागतिक स्पर्धा, असा हा जिना आहे. त्याच्या बरोबरीने फिडे गुणांकनाच्या खुल्या स्पर्धा खेळाव्यात. गुणांकन असलेल्या प्रतिस्पर्ध्यांशी किमान पाच डाव झाले की पहिले गुणांकन मिळू शकते. यादीत १४०० च्या खाली कोणी नसतो. मुलांचे गुण फार वेगाने हलतात, हे आधीच समजून घ्या. समान गुणांच्या खेळाडूकडून हरल्यास लहान मुलीचे २० गुण जातात, तर स्थिरावलेल्या प्रौढाचे १०. मुंबईतल्या शाळांच्या सभागृहांत रविवारी पेअरिंगचा, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा, कागद भिंतीवर लागला की मुले बोटाने आपला पट शोधून पळतात आणि पालक मात्र तिथेच उभे राहून किती गुण गेले याची मोबाइलवर बेरीज करतात. ही बेरीज मुलीच्या कानावर पडू देऊ नका.

तिला केवळ मुलींच्या गटात अडकवूही नका. आपल्या मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना अडवता येणार नाही, असा निर्णय द्यावा लागला. आज खुल्या गटाचा अर्ज भरताना आपल्याला कोणी अडवणार नाही. आणि प्रत्येक डावाचा खेळ्या लिहिलेला कागद जपून ठेवा. हरलेल्या डावाचा तर आवर्जून, कारण पुढच्या आठवड्यात प्रशिक्षकांसमोर आधी तोच उघडायचा आहे.