वाचकांचे प्रश्न : फाँट मोकळा, मग नाव का नाही?

प्रश्न : इंदूरला राजवाड्याजवळ आमचं छपाईचं दुकान आहे. खुल्या परवान्याच्या एका फाँटात ल आणि श हिंदी वळणाचे येत होते, ते फाँटफोर्ज या फाँट-संपादकात मराठी वळणाचे केले. तो फाँट त्याच नावानं दोन-तीन गणेश मंडळांना दिला. आता मूळ रचनाकार म्हणतात, नाव काढा. परवाना मोकळा असताना हरकत कशाला?

उत्तर : मोकळी आहेत ती अक्षरं. फाँटसोबतच्या ओपन फाँट लायसन्सची पहिली ओळ बघा. कॉपीराइटपुढे ‘रिझर्व्ह्ड फाँट नेम’ असं लिहून नाव दिलं असेल, तर लेखी परवानगीशिवाय बदललेल्या फाँटला ते नाव देता येत नाही. तसं लिहिलं नसेल तरी बदलाच. एका नावाचे दोन फाँट असले की संगणक त्यातला एकच उचलतो. ल ची रुंदी बदललेली असते. तुमच्याकडे एका ओळीत बसलेलं ‘लक्ष्मीपूजन’ दुसऱ्याच्या संगणकावर खालच्या ओळीत उतरतं, आणि बोल लागतो तो ज्यानं हातही लावला नाही त्या मूळ रचनाकाराला.

नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही; नाव फाइलच्या पोटात असतं. एलिमेंट, मग फाँट इन्फो उघडा. पीएस नेम्समधले फाँटनेम, फॅमिली नेम आणि नेम फॉर ह्यूमन्स हे तिन्ही रकाने बदला. फाँटनेममध्ये रोमन अक्षरंच घाला, मध्ये जागा सोडू नका. मग त्याच खिडकीतला टीटीएफ नेम्स हा विभाग तपासा. तिथे प्रिफर्ड फॅमिलीत जुनं नाव हमखास राहून जातं आणि यादीत तेच दिसत राहतं.

कॉपीराइटची जुनी ओळ मात्र खोडायची नाही. तिच्याखाली आपली ओळ घाला, परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत द्या आणि कोणती अक्षरं कधी बदलली ते फाँटलॉग या बदलांच्या नोंदीच्या फाइलमध्ये टिपा. ‘अमुक यांच्या फाँटवरून’ हा ऋणनिर्देश झाला, तो चालतो. ‘अमुक यांचा नवा फाँट’ ही जाहिरात झाली. परवान्याचं चौथं कलम तिला मनाई करतं.

खरं तर हा खटाटोप कदाचित लागलाही नसता. बऱ्याच फाँटांत मराठी वळणाचे, म्हणजे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, आधीच दडलेले असतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून फॉरमॅट, कॅरेक्टरमध्ये सीटीएल फाँटची (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीच्या फाँटची) भाषा हिंदीऐवजी मराठी करून बघा.

प्रश्न : एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला दुरुस्ती पाठवली. ती घेतली, पण इतिहासात नाव लागलं सांभाळणाऱ्याचं. ही चोरी का? (विद्यार्थिनी, राजेंद्रनगर)

उत्तर : बहुधा घाई. गिट ही कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली प्रत्येक नोंदीत (कमिटमध्ये) लेखक आणि कमिट करणारा असे दोघं वेगळे ठेवते. तुमचा डिफ (बदलांची फाइल) त्यांनी ‘गिट अप्लाय’ या आज्ञेनं लावून स्वतः कमिट केला, तर दोन्ही जागी त्यांचंच नाव येतं. पुढच्या वेळी ‘गिट फॉरमॅट-पॅच’नं पाठवा; ‘गिट एएम’नं लावल्यास लेखक तुम्हीच राहता. काम दोघांचं असेल तर संदेशाच्या शेवटी, एक रिकामी ओळ सोडून, ‘को-ऑथर्ड-बाय’, नाव आणि कोनी कंसात ईमेल. ईमेल खात्याला जोडलेला नसेल तर गिटहब या संकेतस्थळावर ती नोंद तुमच्या खात्याला लागत नाही.

झालेली नोंद बदला असा हट्ट नको. एक कमिट बदलला की त्यापुढच्या सगळ्यांचे हॅश (ओळखखुणा) बदलतात आणि प्रत्येकाची प्रत अडते. प्रकल्पाच्या ऑथर्स या लेखकांच्या यादीच्या फाइलमध्ये नाव घाला, अशी दोन ओळींची विनंती करा. तेवढंही नाकारलं तर नाराजी रास्त आहे.

प्रश्न : शिबिराच्या फलकावर लिनक्स लिहावं की ग्नू/लिनक्स? (रामबाग)

उत्तर : ग्नू हा मुक्त संगणक प्रणाली बनवण्याचा प्रकल्प १९८३ मध्ये जाहीर झाला, लिनक्स हा कर्नल (प्रणालीचा गाभा) १९९१ चा. डेबियन या तयार प्रणालीत दोन्ही असतात आणि ते स्वतः ग्नू/लिनक्स लिहितात. अल्पाइन या दुसऱ्या प्रणालीत ग्नूच्या सी लायब्ररीऐवजी (प्रोग्रामना लागणाऱ्या पायाभूत संचाऐवजी) मसल आणि नेहमीच्या आज्ञांसाठी बिझीबॉक्स. तिथे ग्नू जोडणं ओढूनताणून होईल. पेन ड्राइव्हवर जे वाटणार आहात, त्याचंच नाव फलकावर लिहा.